मुळीकबाईंचा संगणक का थांबतो?

शैलजा मुळीक यांनी प्रयोगशाळेचं दार उघडलं, पांढरा अॅप्रन चढवला आणि संगणकासमोर बसून पहिल्या टँकरच्या नमुन्याकडे नुसतं पाहिलं. नळ्यांच्या रांगेतली नेमकी तीच नळी यांत्रिक हाताने उचलली, सुई दुधात बुडवली आणि बाईंचा चहाचा पहिला घोट गिळून व्हायच्या आत पडद्यावर उत्तर आलं: युरिया नाही, प्रतिजैविकाचा अंश नाही, फॅट चांगलं. टँकर आत घ्या.

तालुका दूध संघात ‘अवधान’ ही नवी संगणकप्रणाली बसवल्यापासून ही चैन सुरू झाली होती. जुना संगणक एका वेळी वीस कामांत जीव वाटून टाकायचा आणि प्रत्येक काम रडतखडत करायचा. अवधानाचं तसं नव्हतं. पडद्यावरच्या वाटाण्याएवढ्या भिंगातून ते माणसाच्या बुबुळांवर नजर ठेवायचं. माणसाचं मन ज्या गोष्टीत गुंतलंय तिलाच आपली सगळी ताकद द्यायची, बाकीच्यांनी थांबायचं, असा त्याचा नियम. प्रयोगशाळेतले सगळे कॅमेरे त्याला जोडलेले असल्यामुळे बाई कुठेही बघोत, ते त्यांच्याबरोबर बघायचं.

“मुळीकबाई, आता तुम्हाला बोटसुद्धा हलवायला नको,” संघाचे अध्यक्ष आप्पासाहेब जगदाळे उद्घाटनाला म्हणाले होते.

आठवडाभरात यंत्राचंच बोट हलेनासं झालं.

मधेच, काही कारण नसताना, पडदा गोठायचा. सुई हवेत लटकायची आणि बाण जागच्या जागी खिळायचा. बाई कळफलकावर कितीही बडवोत, ढिम्म. मग थोड्या वेळाने, काही झालंच नाही अशा थाटात सगळं पुन्हा चालू. तोवर बाहेर टँकरांची रांग लागलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत आणि दूध तापतंय. एका दुपारी तर अख्खा टँकर नासला. आप्पासाहेबांनी तो वास स्वतः जाऊन घेतला आणि संगणक विभागाच्या तन्वीर मुजावरला बोलावणं धाडलं.

तन्वीरने आधी सगळे करतात तेच केलं. बंद करून चालू केलं. केबली काढून पुन्हा खोचल्या. पेटीतली धूळ फुंकली, स्मरणपट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. आत पालीचं एक अंडं सापडलं. दोन तास सगळे त्या अंड्यालाच दोषी धरून बसले. अंडं गेलं, गोठणं राहिलं. वायरमनने अर्थिंग तपासून दिलं. कंपनीच्या मदतकेंद्रातून एक गोड आवाज म्हणाला, “आपण यंत्र बंद करून चालू करून पाहिलंत का?” त्यावर तन्वीरने फोनच बंद करून चालू केला.

शेवटी आप्पासाहेबांनी सूत्रं हाती घेतली. त्यांनी पेटीपुढे नारळ फोडला आणि पडद्याच्या माथ्यावर लिंबू-मिरची टांगली.

त्या दिवशी संगणक एकदाही गोठला नाही.

“काय रे मुजावर?” आप्पासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले. “तुझं इंजिनियरिंग एकीकडे आणि दहा रुपयांचं लिंबू एकीकडे!”

तन्वीर पडद्याकडे बघत होता. यंत्र गोठत नव्हतं खरं, पण जुन्या संगणकासारखं रडतखडत चालत होतं. त्याने जवळ जाऊन पाहिलं. लिंबू बरोब्बर त्या वाटाण्याएवढ्या भिंगावर लोंबत होतं. अवधानाला बाईंचे डोळेच दिसत नव्हते.

“म्हणजे बिघाड डोळ्यांशी संबंधित आहे,” तो पुटपुटला.

“माझे डोळे व्यवस्थित आहेत,” शैलजाबाई म्हणाल्या. “मागच्याच महिन्यात तपासलेत.”

लिंबू काढलं. तन्वीर खुर्ची टाकून कोपऱ्यात बसून राहिला. नमुने भराभर जात होते. एवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली आणि डॉ. नागनाथ ढवळे आत आले. संघाचे पशुवैद्य. कोणत्या गोठ्यात कोणत्या जनावराला औषध टोचलंय, कुणाचं दूध चार दिवस घ्यायचं नाही, हे सांगायला ते रोज येत. “नमस्कार मॅडम. शिंद्यांच्या जर्सीला आज इंजेक्शन दिलंय,” ते म्हणाले.

सुई हवेत थांबली.

तन्वीरने कान टवकारले. पडदा मेलेला, पण पेटीतला पंखा मात्र गिरणीसारखा घरघरत होता. थांबलेलं यंत्र तापेल कशाला? ते थांबलेलं नव्हतंच. ते दुसरंच काहीतरी करत होतं, आणि जीव तोडून करत होतं.

त्याला पहिला संशय आला डॉक्टरांच्या पिशवीचा. तिच्यात म्हशीचा गाभ तपासायचं ध्वनियंत्र होतं. दुसऱ्या दिवशी पिशवी शिपायाच्या हाती आत पाठवली. काही झालं नाही. मग डॉक्टरांना पिशवीशिवाय बोलावलं. गोठलं. मोबाईल, घड्याळ आणि पट्टासुद्धा बाहेर ठेवायला लावला. गोठलं.

“आता काय दात काढून ठेवू?” एका हाताने पँट सावरत डॉक्टर म्हणाले.

आप्पासाहेबांनी हुकूम सोडला, डॉक्टरांनी यापुढे खिडकीबाहेर उभं राहून बोलावं. डॉक्टर बिचारे उन्हात उभे राहून गजांतून शिंद्यांच्या जर्सीबद्दल सांगू लागले. तरीही गोठलं.

शेवटी एक दिवस शैलजाबाई बँकेत गेल्या होत्या. त्यांच्या जागी मदतनीस कल्पना साठे बसली होती. तेव्हा डॉक्टर आले, बोलले, चहा पिऊन गेले. यंत्र एका क्षणासाठीही अडलं नाही.

तन्वीरच्या डोक्यात प्रकाश पडला आणि लगेच त्याला घाम फुटला. आता हे बाईंना सांगायचं कसं?

दुपारच्या सुट्टीत त्याने धीर केला. “मॅडम, बिघाड सापडलाय. म्हणजे बिघाड नाहीये. प्रणाली अगदी बरोबर चाललीय.”

“मग थांबते कशाला?”

“थांबत नाही. तुमचं मन जिथे जातं तिथे ती सगळी ताकद घेऊन जाते. दूध सोडून तुमचं मन दुसरीकडे गेलं, की तीही…” तो बाटल्यांच्या कपाटाकडे बघत म्हणाला, “डॉक्टरांकडे जाते.”

शैलजाबाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी नाशिकला नोकरीला होती. अशा वयात कानाच्या पाळ्या इतक्या लाल होऊ शकतात हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

“मूर्खासारखं बोलू नकोस,” त्या म्हणाल्या. “आणि हे कुणाला बोललास तर बघ.”

“नाही मॅडम. पण एक विचारू? ते एवढा वेळ नक्की करतं काय, ते बघायला हवं. पंखा फार फिरतोय.”

त्याने दुसरा पडदा आणून जोडला. यंत्राच्या पोटात चालू असलेलं काम त्यावर उमटायचं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर दारात आले, सुई थांबली आणि नव्या पडद्यावर ओळी झरझर उतरू लागल्या. चाल: डाव्या गुडघ्यावर भार टाळतो. घाम: काही सकाळी जास्त, काही सकाळी नाही. वजन: महिन्यापूर्वीपेक्षा कमी. ताप: येतो-जातो असा. मग सर्वांत खाली मोठ्या अक्षरांत: ब्रुसेलाची शक्यता दाट. रक्त तपासावं. जनावर कळपापासून वेगळं करावं. दूध स्वीकारू नये.

तन्वीरला हसू आवरेना. पण शैलजाबाई हसल्या नाहीत. ब्रुसेला म्हणजे काय हे दूध संघात कुणालाही सांगावं लागत नाही. गाभ टाकलेल्या गाईम्हशींकडून तो माणसाला लागतो, पाळीपाळीने ताप आणतो, सांधे धरतो, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर काळजापर्यंत पोचतो.

“डॉक्टर,” त्या उठून म्हणाल्या, “तुमच्या शर्टाची कॉलर महिनाभरात सैल झालीय. पायऱ्या चढताना कठडा धरता. परवा चहा हातात तसाच निवला. ताप येतो का?”

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं आणि मग बाईंकडे. “संध्याकाळी थोडी कणकण असते. मला वाटलं, धावपळीने.”

“हातमोजा फाटला होता कधी?”

“मोऱ्यांची म्हैस विताना अडली होती तेव्हा,” डॉक्टर ओशाळून म्हणाले. “गावभर लोकांना ओरडत फिरतो मी, हातमोजे घाला म्हणून.”

“आज रक्त द्यायचं. आत्ता. तन्वीर, गाडी काढ.”

तपासणीत ब्रुसेला निघाला. लवकर सापडला म्हणून गोळ्यांवर भागेल, असं जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. ढवळे सुट्टीवर गेले, आणि त्या काळात प्रयोगशाळेतला संगणक एकदाही अडला नाही. टँकर वेळेवर रिकामे झाले. आप्पासाहेब खूष होते. शैलजाबाईंना मात्र ते न अडणारं यंत्र बघवेना. कुणी न विचारता ते आपल्या मनात शिरलं याचा राग होता. ते शिरलं नसतं तर काय झालं असतं, याची धास्तीही होती.

महिनाभराने कंपनीने दुरुस्ती पाठवली. ती बसवली की अवधान फक्त वस्तूंकडे लक्ष देणार होतं, माणसांकडे नाही. “लगेच बसव,” आप्पासाहेबांनी तन्वीरला फर्मावलं.

तन्वीरने शैलजाबाईंकडे पाहिलं.

“बसव,” त्या म्हणाल्या. “मी कुणाकडे बघते ते मला कळतंय. यंत्राला कळायची गरज नाही.”

तेवढ्यात दार उघडलं. डॉ. ढवळे आत आले, अजून थोडे अशक्त, पण कठडा न धरता पायऱ्या चढून. सुई हवेत थांबली आणि पंखा घरघरू लागला. तन्वीरचं बोट बटणावर होतं.

“जरा थांब रे,” बाईंचं बोलणं दाराबाहेरूनच ऐकलेले डॉक्टर म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली आणि तन्वीरला विचारलं, पण बघत होते ते शैलजाबाईंकडे. “कॅमेऱ्यांत मीही दिसत होतोच की. मग रोज इथे आल्यावर मी कुणाकडे बघत होतो, तेही याला कळलं असेल का?”