मागच्या सीटखालचा आवाज

कुपवाडच्या चढावर माझ्या वडिलांची, आबांची गाडी तीन आचके देऊन बंद पडली, ती नेमकी धनाजीच्या गॅरेजसमोर. मेली दुसरीकडं कुठं बंद पडली असती, तर आज मी सुखात असते!

"आधीच्या मेकॅनिकनं प्लग बदलले, बॅटरी बदलली," मी चिडून म्हणाले. "आता तुम्ही काय बदलणार?"

"कायबी न्हाई. आधी ऐकणार." त्यानं मागची सीट उचलली, कान लावला. "चावी फिरवा... स्टार्टर मारू नका."

खालून दोन सेकंद बारीक घूंऽऽ आलं. तो हसला. "पंप बोलतोय. म्हंजे पेट्रोल फुडं कुठंतरी अडतंय."

त्यानं पेट्रोलच्या नळीला मीटर जोडलं. रेस दिली की काटा झर्रकन खाली! फिल्टर गाळानं भरला होता. तपासल्याशिवाय तो काही बदलत नसे, आणि काय केलं ते दाखवल्याशिवाय गाडी सोडत नसे. "ह्यो पंपाचा फ्यूज. ह्यो काढला की पंप गप." मी फ्यूजकडं कुठं बघत होते? त्याच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या बोटांकडं बघत होते.

महिन्यानं गाडी परत बंद. या वेळी टाकीत गंज निघाला. टाकी उतरवून धुवायला दोन दिवस लागले आणि दोन्ही दिवस मी घरून, तासगावहून एसटीनं गेले.

"टाकी बघायला आलाय व्हय?"

"मग काय, तुला?"

तो लाजून टाकीतच तोंड घालून बसला. मी घरी पोचेपर्यंत हसत होते.

मग साताऱ्याचं स्थळ आलं. आबांनी होकार कळवून टाकला. मला कुणी विचारलंच नाही.

साखरपुड्याच्या आदल्या सकाळी गाडी सुरू होईना. आबांनी धनाजीला बोलावलं आणि ते आत गेले. धनाजीनं सीटखाली कान लावला. काहीच नाही. फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडलं आणि माझ्याकडं बघतच राहिला. मग हात पुढं केला. "द्या."

मी ओढणीची गाठ सोडली. फ्यूज मुठीत धरला. "उद्या साखरपुडा आहे माझा. आत जा, आबांशी बोल. तोवर देत नाही."

"काय बोलू? ते सुभेदार, बागायतदार. माझा बा अजून मेंढरांमागं हिंडतोय. हाकलून देतील."

"देऊ देत! मी येते तुझ्या मागनं."

त्याचे डोळे भरले. "माझ्यात... तेवढा दम न्हाई, अंकिता." पहिल्यांदा नाव घेतलं, ते असं.

मी मूठ उघडली. काय करणार होते? त्यानं फ्यूज बसवला, फिल्टर, नळ्या, सगळं पुन्हा एकदा तपासलं. "आता वाटंत तरास न्हाई द्यायची," खाली मान घालून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साखरपुड्यासाठी साताऱ्याला निघताना मी मुद्दाम मागच्या सीटवर बसले, पंपाच्या बरोबर वर. बंद पड गं बाई... एकदा तरी पड! कऱ्हाड गेलं, उंब्रज गेलं. मला रडू आवरेना. आईला वाटलं, माहेर सुटायचं म्हणून रडतेय. एक आचका नाही की काही नाही. एवढं चांगलं काम करायला कुणी सांगितलं होतं त्याला!

साताऱ्यात, पाहुण्यांच्या दारात आबांनी गाडी थांबवली. खुशीत मागं वळले. "पोरानं काम चोख केलं, न्हाई?"

"व्हय आबा," मी डोळे पुसले. "लय चोख."