एस्केप दाबल्यावर

विक्की, तो मोबाइल खाली ठेव बे. नाई तर मी सांगत नाई.

हे माझ्या भाच्यासंगं घडलं, निकेशसंगं. मागच्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या रात्री. वडश्याले राइस मिलच्या मागं खोली घेऊन एकटा राहे अन् नागपूरच्या एका कंपनीचं काम तिथूनच करे. नोकरी कच्ची होती. त्या रात्री दुकानातून चहापत्ती घेऊन परत आला, तर साहेबाचा फोन. "सर्व्हर बंद पडलाय. सकाळपर्यंत चालू कर, तुला पक्का करतो. नाहीतर दुसरं काम बघ."

काम पाच मिनिटांचं. पण लॅपटॉपवर हुकूम लिहायची जे काळी खिडकी असते, तिच्यात यानं वरून जोडायचं एक प्लगिन टाकून ठेवलं होतं. एस्केपचं बटन दाबलं का मंग पुढचं अक्षर उमटत नाई, ते अक्षरच हुकूम होते. हौस, दुसरं काय! अन् त्या प्लगिनमंदी खोट. एस्केप दाबलं का ते जरासं थांबे, अजून काही येते का पाहे. तेवढ्यात दुसरं बटन दाबलं का तेही गिळून टाके. निकेशची बोटं भराभर चालत, म्हणून हुकुमाची ओळ दर वेळी मोडे. पुसा, लिहा, पुन्हा मोडली. काढून फेक म्हणावं तर म्हणे, बोटाले सवय झाली. रडकुंडीले येऊन त्यानं मले फोन केला.

"मामाजी, हे थांबते काऊन? दाबलं का व्हाले पायजे ना!"

मी म्हटलं, "अरे, रात्री पहिल्या हाकेले आपण तरी ओ देतो का? भूत एकदाच हाक मारते म्हणून दुसरीची वाट पाहतोच ना. त्यालेही पाहू दे."

"तुमच्या गोष्टी तुमच्यापाशीच ठेवा," म्हणे, अन् फोन कापला. मंग सेटिंगमंदी जाऊन त्यानं ते थांबणंच काढून टाकलं. वेळ शून्य.

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"निकेश..."

एकदाच.

डोकं आधीच तापलेलं. "आलो ना!" म्हणून खेकसला. दार उघडलं. कोणी नाई. दोन पावलं पुढं गेला... गल्ली सुनी.

मागं दार लागलं.

आतून कडी पडली.

मंग... टक. टक टक. आत कोणीतरी टाइप करून राह्यलं होतं. सावकाश. एक बटन... थांबणं... मंग दुसरं.

निकेश गल्लीतच उजाडायची वाट पाहत बसला.

पहाटे त्यानं बोलावलं तवा घरमालक बापूरावनं दार तोडलं. आत कोणीच नाई. खिडकीले गज. अन् सर्व्हर चालू! दुपारी साहेबाचा फोन आला, नोकरी पक्की. निकेशनं त्याच फोनवर ती सोडून दिली. "ते काम मी केलंच नाई," एवढंच म्हणे. बहिणीनं शिव्या घातल्या, मीही घातल्या. वर्षभराची मेहनत अशी पाण्यात घालते का कोणी? लय राग आला होता मले.

मंग त्यानं मले तो लॅपटॉप दाखवला. दोन महिन्यांचा, नवाकोरा. एस्केपच्या बटनावरची अक्षरं पुरी घासून गेली होती. अन् बटनाच्या मधोमध... बोटाचा खड्डा पडला होता.