वरच्या घराची साखळी

हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. कुणाकडून ऐकलेलं नाही. ज्यांच्यासमोर घडलं त्यातली एकदोन माणसं अजून मुनस्यारीत आहेत. ती बोलणार नाहीत. म्हणून मी सांगते.

असल्या गोष्टी लोक रात्रीच्या सांगतात. माझी भर दुपारची आहे.

जेठ महिना होता. उत्तराखंडात, जोहारच्या खोऱ्यात, गोरी नदीच्या वरच्या अंगाला माझ्या सासरचं उन्हाळी गाव. नाव लिहीत नाही. तिथे आता कुणी राहत नाही, पण ज्यांची घरं आहेत त्यांना उगाच त्रास नको.

मी नरूली. माझं माहेर खालचं, भातशेतीचं. आमच्याकडे माणसं ज्या घरात जन्मतात त्याच घरात मरतात. सासरची रीत वेगळी. हिवाळाभर मुनस्यारी. बर्फ वितळलं की जनावरं हाकत वरच्या गावी. कार्तिकात पुन्हा खाली. सासऱ्यांच्या तरुणपणी तिबेटशी व्यापार चालायचा, तेव्हा वरचं गाव जत्रेसारखं भरलेलं असायचं म्हणे. चीनशी लढाई झाली, व्यापार बंद पडला आणि निम्म्या घरांची दारं पुन्हा उघडलीच नाहीत.

आमचं मात्र दरवर्षी उघडायचं.

त्या वर्षी मी पहिल्यांदाच वर जात होते. सासऱ्यांचे गुडघे गेले होते, ते मुनस्यारीतच राहिले. बाकी आम्ही सगळे. गावाच्या बरंच अलीकडे, नदीकाठी पडाव टाकला. तिथे सासूबाई म्हणाल्या की घर नव्या सुनेने उघडायचं, अशी रीत आहे. तिने पुढे जाऊन चूल पेटवायची, मग बाकीच्यांनी यायचं.

मला बरं वाटलं. मान दिला असं वाटलं.

माझी जाऊ चनुली, तिने सकाळी माझे केस विंचरून दिले. सासरी मला सगळं तिनेच शिकवलं होतं. लोकर कातायला, मीठ-लोण्याचा चहा घुसळायला, सासूच्या टोमण्यांकडे काणाडोळा करायला. माझ्या सत्तूत तिने गुळाचा मोठा खडा टाकला. पुरचुंडी बांधताना तिचा हात मध्येच थांबला...

मला वाटलं, गाठ बसत नाहीये.

नवरा सोबत आला. घरापाशी पोहोचल्यावर त्याने पाठीवरचं ओझं अंगणाच्या भिंतीवर ठेवलं. दाराची साखळी काढली आणि बाजूला झाला.

उंबऱ्यावर पाय ठेवला नाही.

मी चूल पेटवेपर्यंत तो शेळ्या घेऊन येतो म्हणाला. उन्हं कलायच्या आत. आमचा कुत्रा माझ्या हातचं खायचा, एरवी माझ्या पायात घुटमळायचा. तो त्याच्या मागे जाऊन लपला.

मी आत गेले.

हिवाळाभर बंद असलेलं घर. ओलीचा, बुरशीचा वास यायला हवा होता...

धुराचा वास येत होता.

चुलीतली राख उकरली. कोमट होती.

मागे दार लोटल्यासारखं झालं. वारा असेल म्हणून मी वळून पाहिलं नाही. आणि तेव्हाच लक्षात आलं... गोरीचा आवाज बंद झालाय.

त्या खोऱ्यात राहिलेल्या माणसालाच हे कळेल. तिथे नदी रात्रंदिवस गर्जत असते. माणसं तिच्या वरताण आवाज काढून बोलतात. आणि आता काहीच नाही. कानात बोळे घातल्यासारखं.

त्या शांततेत, आतल्या खोलीतून...

ठक्.

ठक्.

मागाचा आवाज. विणलेलं ठोकून घट्ट करताना येतो तो.

दारातून डोकावले. छोट्या खिडकीच्या उजेडात एक म्हातारी बसली होती. माझ्याकडे पाठ. पांढरी वेणी, काळा लोकरी घागरा, मागाचा पट्टा कमरेला बांधलेला. मला वाटलं, नात्यातली कुणीतरी आमच्या आधीच वर आली असेल. आजीला आम्ही आमा म्हणतो. मी वाकले आणि म्हणाले, पाया पडते आमा.

ती वळली नाही.

"जनावर आणलंस?"

मी सांगितलं, मागून येतायत सगळे. शेळ्या, खेचरं, झब्बूसुद्धा. झब्बू म्हणजे आमचं ते याकाच्या जातीचं केसाळ जनावर, वर माणसाला बसवून न्यायचं तर तेच. उन्हं कलायच्या आत येतील म्हणाले.

ठोकणं थांबलं.

"मलाही असंच म्हणाले होते."

तेव्हा मी मागाकडे नीट पाहिलं.

मागावर सूत नव्हतं. एक धागा नव्हता.

मी पाऊल पाऊल मागे सरकले. दाराला पाठ लागली. वळून ओढलं... उघडेना. पुन्हा ओढलं. बाहेर साखळी खळखळली.

बाहेरून लावलेली.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा घेतलं. लछम, म्हणून ओरडले. दाराच्या फटीतून तो दिसत होता. अंगणाच्या टोकाला पाठमोरा उभा होता. त्याने ऐकलं. त्याचे खांदे हलले.

आणि तो चालू लागला.

कुत्र्याने वळून पाहिलं. त्याने नाही.

माझ्या मागे, जमिनीलगत, काहीतरी घसटत येत होतं. उठून चालता न येणारं माणूस हातांवर येतं, तसं. मी डोळे मिटून घेतले. माझ्या गुडघ्यांपाशी येऊन ते थांबलं.

"सरक," म्हातारी म्हणाली.

मी सरकले.

साखळी बाहेर होती. ती आत होती. तरी साखळी निखळून पडल्याचा आवाज मी ऐकला. दार उघडलं आणि गोरीचा आवाज एकदम अंगावर आला.

"मलाही बाहेरूनच लावली होती. मला कुणी उघडलं नाही. जा."

पडावावर पोहोचले तेव्हा संध्याकाळ होत होती. सगळे शेकोटीभोवती जेवत होते. मला पाहून कुणी उठलं नाही. सासूबाईंनी आधी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, कुणी आलंय का माझ्याबरोबर. मग माझ्या तोंडाकडे. लछमने ताटातून मान वर केली नाही.

मी विचारलं, वर ती म्हातारी कोण. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं. ती त्यांची सासू. माझ्या सासऱ्यांची आई. एका वर्षी बर्फ लवकर आलं. पाय मोडल्यामुळे तिला चालता येत नव्हतं. मुलं तिला म्हणाली, आम्ही जनावरं खाली पोहोचवतो, उद्या झब्बू घेऊन तुला न्यायला येतो. पण वाट बंद झाली. उन्हाळ्यात घर उघडलं तेव्हा ती मागावरच बसलेली होती. तेव्हापासून घर उघडलं की एका बाईने तिच्याजवळ एक रात्र काढायची. मग वर्ष नीट जातं. नाहीतर जनावरं कड्यावरून पडतात.

"एका रात्रीचा तर प्रश्न होता," त्या म्हणाल्या. "सकाळी उघडणारच होतो. मी काढली, चनुलीने काढली. तुला काय सोन्याचे पाय आहेत?"

मी चनुलीकडे पाहिलं.

"दीदी, तुम्ही तरी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर गेली असतीस?" ती म्हणाली. "आणि तू गेली नसतीस तर पुन्हा मीच."

तिचं जितकं लागलं तितकं मला कुणाचंच लागलं नाही. नवऱ्याचंसुद्धा नाही. त्याच्याकडून मी अजून फार काही मागितलंच नव्हतं.

मी सासूबाईंना म्हणाले, तुम्ही बर्फ म्हणता. ती साखळी म्हणते. तिच्या मुलांनी बाहेरून साखळी लावली होती, ती घसटत मागे येऊ नये म्हणून.

त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांना हे ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

उजाडताच मी झब्बूची दोरी सोडली. लछम आडवा आला, दोरीचं दुसरं टोक त्याने धरलं. मी म्हणाले, "सोडा. नाहीतर तुम्ही चला वर, तुम्ही बोलवा तिला." त्याने सोडली.

पुन्हा त्या अंगणात गेले. दार कालच्यासारखंच उघडं होतं. आत गेले नाही. बाहेरूनच म्हणाले, "आमा, जनावर आणलंय."

बराच वेळ काही नाही. फक्त नदी.

मग झब्बूच्या पाठीवरचं लाकडी खोगीर करकरलं...

जनावराची पाठ खाली दबली. चारही पाय फाकवून ते थरथरत उभं राहिलं. मी दोरी ओढली. ते चालू लागलं, हळूहळू, चढावर ओझं नेताना चालतात तसं. वाट तर उताराची होती.

पडावावरून गेले तेव्हा सासूबाईंनी शाल तोंडावरून ओढून घेतली.

मुनस्यारीपर्यंत मी मागे पाहिलं नाही. मुक्कामाला झब्बू बसला नाही, चरला नाही. त्याच्या केसांवरून पाणी गळत होतं, बर्फ वितळल्यासारखं. आभाळ मात्र कोरडं होतं.

सासरे अंगणात उन्हाला बसून लोकर कातत होते. मी दोरी त्यांच्या पायाशी टाकली.

"तुमची आई आणलीय."

त्यांनी विचारलं नाही, कोण, कशी, काय. त्यांच्या हातून टकळी पडली. झब्बूने अंग झटकलं, मोकळा श्वास सोडला आणि कुंपणापाशी जाऊन गवत खाऊ लागला.

आणि सासरे... ताठ बसलेला तो माणूस हळूहळू पुढे वाकत गेला. दोन्ही हात जमिनीला टेकले.

"इजा," ते लहान मुलासारखे म्हणाले. आई.

मी तशीच माहेरची वाट धरली.

कार्तिकात लछम मला न्यायला आला. माझ्या वडिलांनी त्याला अंगणातच बसवलं. त्याने सांगितलं की बाबा भाद्रपदात गेले. त्या दिवसानंतर एकदाही सरळ उभे राहिले नाहीत. रात्रंदिवस एकच बोलायचे... इजा, उतर. आता तरी उतर.

मग म्हणाला, झालं ते झालं, घरी चल. आता वरच्या घरात काही नाही.

मी नाही म्हणाले. पुन्हा कधी नांदायला गेले नाही.

तो उठला. येताना तो कसा आला होता ते मी पाहिलं नव्हतं. जाताना पाहिलं. बत्तीस वर्षांचा गडी. पाठीवर ओझं नाही, हातात काही नाही...

तरी कमरेत वाकून, एकेक पाऊल दाबत चालला होता. वळणावर त्याने मान थोडी मागे वळवली आणि खांद्यावरच्या कुणाशी तरी बोलावं तसं काहीतरी पुटपुटला.

मी हाक मारली नाही.

त्याला मूलबाळ नाही. तो अजून आहे, आणि आता हातांवर चालतो म्हणतात. मी बघायला गेलेली नाही. कधीकधी वाटतं, त्या दिवशी मी तिला घरी नेलं... की तिने मला तिथवर न्यायला लावलं?

तिचा चेहरा मी पाहिलेला नाही. दारापाशी ती इतकी जवळ होती, आणि मी डोळे मिटून घेतले होते.