ओळ संपल्यानंतर

बुधवारी दुपारी दोन वाजता फिनलंडमधल्या औलूच्या शाळेतल्या संगणक-खोलीत पिहला इतकी खुशीत होती, की तिने आपल्या पावाचा मोठा तुकडा शेजारी बसलेल्या ओट्सोला देऊन टाकला. कारणही तसंच होतं. तिने लिहिलेला प्रोग्राम उद्यापासून बाबाच्या कामावर चालणार होता. समुद्र गोठला की बेटापर्यंत बर्फावरूनच रस्ता आखतात. तिचा बाबा सुलो आणि ओट्सोचा मोठा भाऊ जालो त्या रस्त्यावर आळीपाळीने गाडी घेऊन जात आणि खुणेसाठी रोवलेल्या खांबाखांबापाशी भोक पाडून बर्फाची जाडी मोजत. प्रोग्रामचं काम इवलंसंच. काळ्या पडद्यावर आकडा टाइप केला, की त्याने तेवढ्यापुरती थोडी मेमरी मागून घ्यायची, तीत वाक्य जुळवायचं, छापायचं आणि जागा परत करायची.

पडद्यावर उमटलं, ‘खांब सात. बर्फ बासष्ट सेंटिमीटर.’ आणि त्याला चिकटून नुसता कचरा, तुटकीमुटकी चिन्हं.

त्यांची शिक्षिका राइली मागून वाकून हसली. अक्षरं मोजून जागा मागितलीस, ती म्हणाली, पण वाक्य संपल्याची खूण म्हणून शेवटी शून्य ठेवावं लागतं, त्याच्यासाठी एक घर जास्तीचं मागायचं विसरलीस. मग छापणारा थांबणार कसा? शेजारच्या घरात आधीच्याने टाकलेलं जे असेल ते वाचत सुटतो. परत केलेली जागा कुणी झाडून थोडीच देतं!

पिहलाला आधी ते शिळं कुठून येतंय ते बघायचं होतं. तिने जागा परत करण्यापूर्वी तिच्यात फुल्या भरल्या. आता काही दिसलं तर फुल्याच दिसतील. चालवलं.

‘खांब सात. बर्फ बासष्ट सेंटिमीटर.×××××आवाज येतोय का कुणाला’

“ओट्सो, कीबोर्डवरून हात काढ,” पिहला म्हणाली.

“माझे दोन्ही हात पावावर आहेत, बाईसाहेब.”

खरंच होते. तिने पुन्हा चालवलं. फुल्यांच्या पुढे या वेळी होतं, ‘दार उघडत नाहीये’.

तिने नेटची वायर उपटली. संगणकातल्या सगळ्या फायली धुंडाळल्या. हे शब्द कुठेच नव्हते, एकाही फायलीत नव्हते. मग तिसऱ्यांदा, बोट अगदी सावकाश दाबून.

‘×××××पाणी सीटपर्यंत आलंय’

पिहलाने फोन काढला. आज पाळी बाबाची होती.

फोन लागला तेव्हा तो किनाऱ्यावर कॉफी पीत होता, निघायच्याच बेतात. तिने धड काही सांगितलंच नाही, नुसतं जाऊ नकोस, जाऊ नकोस. तो हसला. बासष्ट सेंटिमीटर बर्फ आहे अगं, लाकडांनी भरलेला ट्रक जाईल त्यावरून.

“बाबा, मी कधी काही मागितलंय का तुझ्याकडे?”

“परवाच नवे स्केट्स मागितलेस.” मग त्याला तिचा श्वास ऐकू आला असावा. “बरं. नाही जात. घरी जातो, शप्पथ.”

आता तिला हसू येत होतं. बाबा वाचला होता. कशापासून, ते नंतर बघू. तिने एक घर जास्तीचं मागितलं, शेवटी शून्य ठेवलं, राइलीला प्रत्येक ओळ दाखवली. त्यात अर्धा तास गेला. मग चालवलं तर ओळ स्वच्छ. पुन्हा स्वच्छ. तिसऱ्यांदाही. राइलीने तिच्या पाठीवर थाप मारली.

चौथ्यांदाही ओळ स्वच्छच आली. तिच्या खाली मात्र दुसरी होती.

‘नकट्या, तू आहेस का तिथे?’

ओट्सो चावायचा थांबला.

त्याला नकट्या म्हणणारा माणूस जगात एकच होता.

पिहलाने बाबाला फोन लावला. तो घरी पोचला होता, आवाज अगदी मजेत. “बसलोय गं घरी, तुझ्या हट्टापायी. पण मोजमाप थोडंच चुकवता येतं? जालोला म्हटलं, माझ्याऐवजी तू जा. झाला की अर्धा तास त्याला.”

तिने फोन खाली ठेवला. काही सांगायची गरज नव्हती. बाबाचा आवाज खोलीभर ऐकू गेला होता.

ओट्सोने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने भावाचा नंबर लावला.

पलीकडे घंटा वाजू लागली. एक. दोन. तीन.

राइलीने कीबोर्डची वायरच ओढून काढली होती. कीबोर्ड तिच्या छातीशी होता.

पडद्यावर एकेक अक्षर करत ओळ उमटत गेली.

‘फोन वाजतोय. हात पोचत नाहीये.’