हरणीचा हेवी

"बडोदा टॉवर, मयूर दोन-एक-चार... हेवी."

हेडफोनमध्ये हा आवाज आला आणि टॉवरमध्ये विमानांना वाट देणाऱ्या चारुलता प्रधानच्या हातातला चहा हातातच राहिला. हेवी? आणि आपल्या हरणीच्या विमानतळावर?

आता, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. एकशे छत्तीस टन किंवा त्याहून जड विमान असलं, की वैमानिकाने रेडिओवर पहिली हाक देताना नावापुढे 'हेवी' लावायचं, असा रिवाज आहे. यात मानपान काही नाही हो. अशा धुडाच्या मागे हवेचे भोवरे सुटतात, मागून येणारं लहान विमान पार उलथं व्हायचं. म्हणून बाकीच्यांनी अंतर राखायचं, इतकंच.

चारुलताने फ्लाइंग क्लबचं चिमुकलं विमान घाईघाईने थांबवलं, दुर्बीण लावली, आणि धुक्यातून उतरलं कोण? रोज सकाळी मुंबईहून येतं तेच, साठ-सत्तर टनांचं मध्यम विमान.

"मयूर दोन-एक-चार, तुम्ही हेवी आहात का?" तिने शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

पलीकडून उत्तर आलं, "नाही... सवय... माफ करा, मॅडम."

शेजारी बसलेले विश्वासराव, टॉवरचे वडीलधारे, हसता हसता खोकायला लागले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही 'हे—' इथवर येऊन तो आवाज अडखळला, आणि चारुलताच्या लक्षात आलं, आपण सकाळपासून त्याचीच वाट पाहत होतो. तिला स्वतःचाच राग आला.

रविवारी ती रावपुऱ्यात सेवउसळ खायला गेली, तर पाठीमागून तोच आवाज, गुजरातीत जास्त तरी मागणारा. "काका, एक सेवउसळ आपजो, तरी वधारे."

ती गर्रकन वळली. "तुम्ही... दोन-एक-चार?"

"आणि तुम्ही 'तुम्ही हेवी आहात का'." तो हसला. "मी फत्तेसिंहराव निंबाळकर."

नावच अर्ध्या टनाचं, आणि माणूस मात्र पतंगाच्या कामटीसारखा. "एवढ्याशा अंगावर हेवी म्हणवून घेता?" ती म्हणाली.

"आठ वर्षं मोठी विमानं चालवली. इथे वडील आजारी पडले म्हणून ती कंपनी सोडून बडोद्याच्या फेऱ्या घेतल्या. हात मीडियमवर बसले, जीभ अजून हेवीवरच आहे." मग जरा वाकून, "तुम्ही कुठल्या वर्गात? लाइट... की मीडियम?"

"बायकांना वजन विचारत नाहीत."

"वजन कुठे विचारलं? वर्ग विचारला."

"विचार करून सांगते." असं म्हणताना तिला जोरदार ठसका लागला. तिखटाचाच असावा.

मग काय, रविवारमागून रविवार गेले. तरी वाढत गेली, गप्पा वाढत गेल्या. आणि एका रविवारी त्याची उसळ तशीच गार होत राहिली.

"जुन्या कंपनीने परत बोलावलंय," तो म्हणाला. "मोठं विमान, मुक्काम दुबईला. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. वडील बरे आहेत, तेच म्हणतात, जा. तुम्ही... काय म्हणता?"

जाऊ नका, हे दोनच शब्द तिच्या अगदी ओठांवर होते. पण कुणाच्या पंखांना आपण दोरी कशी बांधायची?

"मी कोण बोलणारी?" ती म्हणाली. "हेवीच्या मागे अंतर राखायचं असतं, एवढंच मला कळतं."

घरी येऊन ती आईवर विनाकारण खेकसली, आणि मग भाजी निवडता निवडता चक्क रडली. तो माणूस तिला हवा होता. सरळ गोष्ट होती, पण सांगायची कुणाला?

शुक्रवार उजाडला. विश्वासरावांनी स्पीकरचा आवाज मोठा केला.

"बडोदा टॉवर, मयूर दोन-एक-चार..." आवाज थांबला. चारुलताने डोळे मिटून घेतले. "...मीडियम."

मीडियम? असं कुणी कधी म्हणत नाही. मध्यम विमानाने नुसतं नाव सांगायचं, बस्स. क्लबच्या वैमानिकानेही न राहवून विचारलं, "टॉवर, हे नवीन काय काढलंत?"

"मयूर दोन-एक-चार," चारुलता म्हणाली. रेडिओवरचा शब्द न् शब्द रेकॉर्ड होत असतो, पण आवाज थरथरला तो थरथरलाच. "मीडियम सांगायची पद्धत नाही."

"माहीत आहे, मॅडम. पण आज सांगणं भाग होतं."

तिने वाऱ्याची दिशा सांगितली, उतरायची परवानगी दिली. "खोकला मला असतो," विश्वासराव म्हणाले, "डोळ्यांना पाणी तुमच्या का?"

ड्यूटी संपवून ती स्कूटर घेऊन बाहेर आली, तर फाटकापाशी तो उभा. टोपी काखेत, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"दुबईला 'नाही' म्हणून कळवलं," तो म्हणाला. "आता तुमचं... वर्गाचा विचार झाला का?"

"झाला. मीडियम."

"मग?"

"मग काय? मीडियमच्या मागे मीडियम असेल, तर भोवऱ्यांसाठी अंतर राखायची अट नाही. नियमच आहे तसा." तिने स्कूटर सुरू केली आणि समोर बघतच म्हणाली, "बसा मागे."