यादीतून काढलेली त्रेसष्ट नावं

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे सांगणारा यज्ञेश आकड्यांच्या बाबतीत खोटं बोलत नाही, आणि यात आकडेच जास्त आहेत.

काशी. भोसले घाटावरची गल्ली. गेल्या श्रावणातला मंगळवार, सकाळचे अकरा.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

दत्तात्रेयकाका श्राद्धविधींचं बुकिंग घेतात. यजमान बहुतेक नागपूर-पुण्याकडचे. पितृपक्षाआधी त्यांना दर आठवड्याला मेल जातात. काकांनी नऊशे जुन्या यजमानांची एकच यादी दोघा पुतण्यांना दिली होती. यज्ञेश आणि निनाद. दोघांनी आपापल्या खात्यावरून पाठवायचं. ज्याला जास्त उत्तरं येतील, त्याच्याकडे हे काम कायमचं.

यज्ञेश संख्याशास्त्रात एम.एस्सी. दोन वर्षं नोकरीविना. त्याला हे काम हवंच होतं.

त्याने आधी यादी साफ केली. काकांच्या वहीशी ताडून, वारलेल्यांचे पत्ते काढले. त्रेसष्ट. बंद पत्त्यांवर मेल जात राहिले की पाठवणाराच स्पॅमवाला ठरतो. साधा नियम आहे.

बारावी पास निनादने काहीच केलं नाही. मजकुरात दहा उद्गारचिन्हं आणि वर नाचणारा दिवा.

यज्ञेशचे मेल स्पॅममध्ये गेले.

निनादचे सगळे पोचले.

"क्या दादा!" निनाद हसला. "एम.एस्सी.चे मेल कचऱ्यात, बारावीवाल्याचे गादीवर! चल, चाय पाजतो."

"तूच पी."

अकरा वाजून दोन मिनिटांनी निनादने त्या आठवड्याचा मेल सोडला आणि तो चहाला गेला.

तेवढ्यात घाटाकडून आवाज आला…

टुंग.

मग टुंग, टुंग, टुंग… मेल आल्यावर फोन वाजतात तसे, पण दबलेले, पाण्यातून यावेत असे.

यज्ञेशने खिडकीतून वाकून पाहिलं. घाटावर माणूस नव्हता. पायऱ्याही नव्हत्या. सगळं पुराच्या पाण्याखाली.

त्याने निनादचा रिपोर्ट उघडला. मेल सुटल्याबरोबर त्रेसष्ट जणांनी वाचला होता. एकाच सेकंदाला. म्हणून तर निनादचे मेल पोचत होते. जे लगेच वाचले जातात, त्यांना कुणी अडवत नाही.

त्याने नावं पाहिली…

त्यानेच काढलेली. सगळीच्या सगळी.

पहिल्या नावाच्या घरी त्याने फोन लावला. नागपूर. त्यांच्या पत्नी कालिंदीकाकूंनी उचलला.

"अहो, ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली! दिवस तुमच्याकडेच केले की. त्यांचा मोबाइलसुद्धा अस्थींबरोबर तिथंच गंगेत सोडला. फार जीव होता त्यांचा त्यावर."

दुसरा कुणी घाबरला असता. यज्ञेश आधी जळला.

मेलेली माणसंसुद्धा निनादचंच वाचतात!

त्याने त्रेसष्ट नावं परत आपल्या यादीत घातली. मेल सोडला.

घाटाकडून… काहीच नाही.

नावाड्यांची हाक नाही. घंटा नाही. पाणीसुद्धा गप्प.

मग रिपोर्ट बदलला. त्रेसष्ट जणांनी 'स्पॅम' दाबलं होतं. एकाच सेकंदाला. त्याचं खातं तिथंच बंद पडलं. एकाने कारणही लिहिलं होतं…

'आम्हाला काढलं होतंस.'

संध्याकाळी काका म्हणाले, "निनाद्या, काम तुझं. यज्ञेश, तू त्याला मदत कर हो."

मदत!

दुसऱ्या दिवशी निनाद खुर्ची ओढून जवळ बसला. "दादा, तू शिकलेला. ही जुनी नावं बघ. ही माणसं राहिली नाहीत ना आता? काढून टाकू?"

यज्ञेशला सगळं सांगता आलं असतं. दोन वाक्यं पुरली असती.

"काढ," तो म्हणाला.

निनादने बटण दाबलं.

यज्ञेशने उठून खिडकी लावून घेतली.

काम आता यज्ञेशकडे आहे. नव्या खात्यावरून, त्रेसष्ट नावांसकट, मेल व्यवस्थित पोचतात. ते बटण दाबलं त्या दिवसापासून निनाद फोनला हात लावत नाही, घाटावर उतरत नाही. का, ते सांगत नाही.

आणि ज्या यज्ञेशला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, त्याने अजून विचारलेलं नाही…