डावा डोळा, अधूनमधून

फाइल घेऊन राजकन्या जिना चढली ती भांडायच्याच तयारीनं. नांदेडच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात, कागदावर लिहिलेल्या प्रत्येक आजाराला विम्यासाठी नेमका कोड लावायचं काम तिचं. लोह्याच्या चार वर्षांच्या पुनमची फाइल विमा कंपनीकडून परत आली होती. कारण आजाराच्या जागी एकच शब्द — तिरळेपणा.

लिहिणारा होता आदिनाथ, लातूरहून नुकताच आलेला डोळ्यांचा डॉक्टर.

“सर, एवढ्यानं भागत नाही. डोळा कोणता? आत वळतो का बाहेर? कायम, का अधूनमधून? सगळ्याचे कोड वेगळे असतात.”

“बाप रे! आमच्याकडं तर ‘चकणी’ म्हणून मोकळे होतात,” तो हसला.

राजकन्या हसली नाही. “हाव. अर्धापुरात, शाळेत... मला तेच नाव होतं.”

सकाळपासून स्क्रीनकडं बघून ती थकली होती. आणि थकली की तिचा डावा डोळा हळूच नाकाकडं वळायचा. आत्ताही वळला असणार... फाइल तिथंच ठेवून, मान खाली घालून ती निघून आली.

तासाभरात तो स्वतः फाइल घेऊन खाली आला. सगळं नीट लिहिलेलं. “चुकलो मी. तो शब्द पुन्हा तोंडात यायचा न्हाई.”

तेव्हापासून तो प्रत्येक फाइल स्वतःच आणून देऊ लागला. शिपाई ग्यानोबा मिशीत हसायचा.

“काही शंका?” आदिनाथ विचारायचा.

“अक्षर लागत नाही तुमचं.”

“मग वाचून दाखवतो की... सगळ्या फाइली.”

एका दुपारी समोरच्या टपरीवर चहा पिताना ती म्हणाली, “परभणीचं स्थळ आलंय. आई म्हणते, डोळ्याचं बोलायचं न्हाई. आधीची दोन तेवढ्यावरच मोडली.”

“मग?”

“मी सांगणार. लपवून कुणाच्या घरात जाऊ?”

आदिनाथनं हातातला ग्लास बाकावर ठेवला. “लातूरचं एक स्थळ हाय... त्याला सांगायची गरज न्हाई. ते रोजच बघून राहिलंय.”

“काय?”

“तुम्ही थकता कधी, रागावता कधी... आणि हसलात की मला लई बरं वाटतं.”

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “त्या स्थळाच्या आईला सांगावं लागंल.”

“मी सांगतो.”

“न्हाई. मीच.”

रविवारी ती आई कावेरीबाईंसोबत लातूरला गेली. कावेरीबाई पाठीमागून तिचा पदर ओढत होत्या, तरी तिनं आदिनाथच्या आईला, साखराबाईंना, सगळं सांगून टाकलं.

साखराबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडं केला.

“दिसतंय ना माय नीट?”

“हाव.”

“मग झालं की! आमच्या आदीचे दोन्ही डोळे सरळ, तरी त्याला खुंटीवरचा टॉवेल दिसत न्हाई.”

कावेरीबाई हसता हसता डोळे पुसू लागल्या. आदिनाथ दारात उभा होता. राजकन्येनं मान वर केली आणि सगळ्यांसमोर, मनसोक्त, त्याच्याकडं बघतच राहिली.